लूम बंद झाल्याचा आवाज

पिक्चरमधला हिरो शेवटी त्या खोट्या शहरातून बाहेर पडतो की नाय, यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी भिवंडीत जमिनीवरून झाली नसतील. आणि भिवंडीत जमिनीवरून किती होतात, ते मी सांगायला नको.

पिक्चर इंग्रजी होता, हिंदीत डब केलेला. कामतघरला आमच्या चाळीच्या मागे एका चाचांनी पत्रे ठोकून व्हिडिओ पार्लर काढलेलं, तिथं बघितला. गोष्ट अशी की एक माणूस रोज कामाला जातो, रोज घरी येतो, आणि एक दिवस त्याला आभाळात शिवण दिसते. पँटीला असते तशी. मग त्याला हळूहळू कळतं की हे शहर, ही बायको, हा पाऊस, सगळं एका मशीनमध्ये चाललंय आणि आपण खरे दुसरीकडेच कुठेतरी पडलोय. शेवटी एक लोखंडी दरवाजा येतो. तो उघडतो. बाहेर समुद्र. हिरो छातीभर श्वास घेतो, मान वर करतो आणि सीडी अडकते. हिरोच्या तोंडाचे चौकोन चौकोन. नाक एकीकडे, कपाळ समुद्रात, आणि स्पीकरमधून क्रर्र, क्रर्र, क्रर्र.

"खल्लास," चाचा बोलले. "इतनाच है. उठो, दूसरा शो है."

सगळे उठले. माझा दोस्त उठला नाय.

"चाचा, हे पिक्चरमधलंच हाय."

"अरे खरोंच है बेटा, सीडी पे खरोंच!"

"खरोंच न्हाय. तो बाहेर पडला ना, म्हणून मशीन हँग झाली. म्हंजे बाहेर पडलाच न्हाय. बाहेरचा समुद्रपन मशीनमधलाच."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "इसको ले जा. इसका भी कुछ अटक गया है."

हा दोस्त म्हणजे माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार. मूळ दिघाशीचा. बापाला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम मिळालं म्हणून गावातनं उठून आमच्या चाळीत राहायला आलेले. तो दहावीला आपटला आणि बापाच्या कारखान्यात लागला. मी बारावी पास झालो आणि कुठेच लागलो नाय. मी मिमिक्री करायचो. गणपतीत, हळदीत, कुणाच्या बारशात. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना, सगळं काढायचो. पण माझा हिट आयटम म्हणजे लूम. बटन दाबल्यावर तो कसा आधी खोकतो, मग धोटा इकडून तिकडे कसा आपटतो, मग सुताची तार तुटली की कसा मध्येच मुका होतो, मग कामगाराची शिवी, मग परत चालू. लोक हसून लोळायचे. रोज ज्याच्यापासून पळतात तेच माझ्या तोंडातून आलं की टाळ्या. माणसाचं डोकं असंच असतं.

तर दोस्ताने तो पिक्चर परत बघितला. परत परत बघितला. आणि एक दिवस कारखान्यातून सुटल्या सुटल्या माझ्याकडे आला. केसात कापूस, भुवयांवर कापूस, बर्फात राहणारा माणूस वाटत होता.

"भाई, मला सापडला. ओठ बघ."

"कुणाचे?"

"हिरोचे. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच बोलतो."

"येड्या, डबिंग आहे ते."

"डबिंग मला शिकवतो काय? पण सगळीकडे सारखं न्हाय ना. बायकोबरोबर असतो तवा बिलकुल जुळत न्हाय. दरवाज्यापाशी जुळतात. म्हंजे जिथं जुळत न्हाय ते खोटं, जुळतात तिथं खरं. डायरेक्टरने खूण ठेवली हाय."

आम्ही जाऊन बघितलं. आईशप्पथ, दरवाज्यापाशी जुळत होते. मला नंतर कळलं की तिथं हिरो फक्त ओरडतो, आणि ओरडणं सगळ्या भाषेत सारखंच. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता.

हे ओठांचं दुसऱ्या गावच्या माणसाला सुचलंच नसतं. लूमच्या कारखान्यात आवाज ऐकून कुणी बोलत नाय. ऐकूच येत नाय तर काय बोलणार! सगळे ओठ वाचतात. बाकीचं हातांनी. बोट हवेत गोल फिरवलं की चहा. मनगटावर टिचकी की किती वाजले. मिशीवरून हात फिरवला की शेठ आला. शेठला मिशी नव्हती, पण त्याच्या बापाला होती, तेव्हापासूनची खूण चालत आलेली. दोस्त तर कारखान्याच्या दुसऱ्या टोकाचा भैया काय शिवी देतोय ते वाचून इकडून त्याला उलटी शिवी द्यायचा.

मी सायबर कॅफेत जाऊन त्या पिक्चरवर लोकांनी काय काय लिहिलंय ते शोधलं. बाप रे. अमेरिका, जपान, कुठला कुठला माणूस लिहीत होता. आम्हाला वाटत होतं आम्ही दोघेच येडे. माझं इंग्रजी आमच्या शाळेइतकंच, म्हणजे एक ओळ वाचायला एक चहा लागायचा. पण एवढं कळलं की तिकडे सगळी मारामारी एका पक्ष्यावरून चालली होती. शेवटी जो पक्षी उडतो त्याला सावली आहे की नाय; असली तर तो खरा, मशीनबाहेरचा.

"कुठला पक्षी?" दोस्त बोलला.

"शेवटी उडतो म्हणे."

"आपल्यात तर पक्षी न्हाय."

"आपल्यात त्याच्या आधीच अडकते ना."

दोस्त मग बोलला, "म्हंजे आपल्याला पक्षी दिलाच न्हाय."

मी त्याची ओठांची थिअरी मोडक्या इंग्रजीत तिथं टाकली. दुसऱ्या खेपेला गेलो तर खाली एकाने विचारलेलं, तू कुठल्या भाषेत बघितलास? बस, एवढंच. मी दोस्ताला येऊन सांगितलं. तो बोलला, "जाऊ दे. त्यांनी कवा लूम चालवलाय!"

त्याची सगळ्यात भारी थिअरी मात्र लाईटची होती.

भिवंडीत जन्मलेल्या माणसाला लूमचा आवाज ऐकू येत नाय. तो असतोच. भिंतीत असतो, ताटात असतो, उशीत असतो. लाईट गेली की तो जातो, आणि तेव्हा कळतं की होता. त्या वर्षांत लोडशेडिंग तर रोजचंच. एकदम सगळं गाव थांबायचं, आणि मग बारीक बारीक आवाज एकेक करून बाहेर यायचे. कुणाचा कुकर. शेळी. पलीकडच्या चाळीत पोराला दिलेली चापट, मग पोर. लोक लाईटवाल्यांच्या आईबहिणीला शिव्या द्यायचे आणि हा येडा बोट वर करून हसायचा.

"ऐक. मशीन बंद झाली. आता हाय ते खरं."

"आणि लाईट आल्यावर?"

"परत खोटं चालू."

मग मी त्या पिक्चरमधल्या मशीनच्या आवाजात घोषणा द्यायचो, "सभी कामगारों को सूचित किया जाता है कि असली दुनिया दो घंटे के लिए खुली है." तो पोट धरून हसायचा. पण हसून झालं की परत ऐकायला लागायचा, मान जरा तिरकी करून. मलाही लावली सवय त्याने. मी त्या शांततेत बसून आवाज गोळा करायचो, पुढच्या कार्यक्रमाला वापरायला.

मग त्याच्या थिअऱ्या बदलायला लागल्या.

"भाई, मशीनवर लोड आलाय," एकदा बोलला. "आवाज कमी करायला लागलेत. पयले बारीक बारीक काढतात. चिमण्या काढल्या, बघ. मोबाईलची रिंग काढली. आईच्या बांगड्या पन."

मला ती थिअरी एवढी आवडली! मी त्यात माझी भर टाकली. बोललो, बरोबर, मशीनला मेमरी वाचवायची असणार, ज्याच्याकडे लक्ष नाय ते आधी काढायचं. आम्ही यादीच सुरू केली. कुकरची शिट्टी गेली? गेली. डास गेले? "ते बरं केलं," तो बोलला. चाचांच्या पार्लरबाहेर उभे राहून आम्ही यावर तासन्‌तास बोलायचो. तो जगाचे आवाज मोजत होता आणि मी त्याला डायलॉग पुरवत होतो. कुणाच्या डोक्यातही आलं नाय. येणार कसं? भिवंडीत सगळेच ओरडून बोलतात, सगळेच समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, सगळेच दोनदा विचारतात. त्याच्यात आणि गावात फरकच नव्हता.

फरक दिसला तो टपरीवर.

दुपारची वेळ, त्याच्या कारखान्याच्या समोरची टपरी. मी, तो, त्याच्या शिफ्टचे दोन भैया. शेठ पलीकडे आपल्या स्कूटरवर बसून चहा पीत होते. आत लूम चालू, म्हणजे बोलणंच काय, ढगफुटी झाली तरी शेठना ऐकू गेलं नसतं. दोस्त मला शेठचं सांगत होता, आपल्या कारखान्याच्या आवाजात.

आणि लाईट गेली.

सगळं थांबलं. टपरीवाल्याने पण आपोआप आवाज खाली आणला. "गई," बोलला, हळूच. भैयांनी मान वर केली. मी दोस्ताच्या बोटाची वाट बघत होतो, आता वर करेल.

"शेठ तर मशीनचाच माणूस हाय!" तो ओरडत होता. "हसतो तवा दात हसतात, डोळे हसत न्हाय! मी सांगतो तुला, त्याला चावी मारतात सकाळची!"

रस्ताभर गेला आवाज. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. शेठचा चहा हवेतच. एक भैया आधी हसला, मग हसायचा थांबला.

"काय झाला?" दोस्त बोलला. तेवढ्याच जोरात.

मी मान दुसरीकडे वळवली. का वळवली सांगता येत नाय, पण वळवली. तिकडे तोंड करून बोललो, "लाईट गेली."

काही नाय.

मी परत त्याच्याकडे वळलो. "लाईट गेली."

"कवा?"

त्याने कारखान्याच्या दाराकडे बघितलं. आत काळोख. पंच्याने घाम पुसत कामगार बाहेर येत होते. तो बघत राहिला. मग माझ्याकडे वळून बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज कसा कुणास ठाऊक खाली आला होता, "पन माझा चालूच हाय."

"काय चालू?"

"लूम."

मी त्याच्या आईला जाऊन सांगितलं. काकी चुलीसारख्या धगधगीत बाई, पण ऐकून खालीच बसल्या.

"त्याच्या बापाचापन असाच झाला," बोलल्या. "मानूस मोठ्यानं बोलायचा तं मना वाटायचा तापट हाय. सगला संसार मी त्याला घाबरून केला. आता कलला तापट न्हवता, बहिरा होता." मग जरा वेळाने, "लहानपनी याचा कान फुटायचा. मी तेल घालायची. तेलानं झाला आसंल का रं?"

"नाय काकी. तेलाने काय होतंय."

"तू सांग त्याला. माझा आयकत न्हाय तो."

आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो, आणि त्यांनी पदर तोंडात घातला.

आम्ही त्याला कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी आणि काकी. रिक्षात मी त्याला हसवायला कंडक्टर काढला, मग हेडमास्तर काढले, मग हेडमास्तर कंडक्टर झाले तर काय होईल ते काढलं. कोन गाव गेलं, खाडीचा पूल आला. तो हसत होता. पण प्रत्येक वेळी जरासा उशिरा. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कुणाचाही आवाज काढला तरी ओठ माझेच होते ना. त्याला कंडक्टर आणि हेडमास्तर सारखेच पोचत होते. मला हे पुलावर कळलं आणि मी गप्प बसलो. तो बोलला, "थांबला का? चांगला चाललाय."

डॉक्टर मॅडम होत्या. समोर बसून त्यांनी नाव, गाव, काम, सगळं विचारलं आणि याने धडाधड उत्तरं दिली. मॅडमनी काकींकडे बघितलं, याला कशाला आणलंत असं. मग त्याला काचेच्या खोलीत बसवला. कानाला हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. मॅडम काचेबाहेर मशीनवर बसल्या. बटन दाबलं. बोट वर. परत दाबलं. बोट वर. बोट अगदी वेळेवर वर जात होतं. काकींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं घरी जाताना पेढे घ्यावे लागणार.

मग मॅडम बटन दाबता दाबता थांबल्या. त्यांनी बाजूची फाइल उचलली आणि बटनावरच्या हाताच्या पुढे उभी धरली.

बोट खाली राहिलं.

तो त्यांचा हात बघत होता. आमच्याकडे हेच शिकवतात ना, आवाजाची वाट बघू नको, हात बघ. त्याने फसवायला केलं नव्हतं. त्याला बोलले होते की टेस्ट आहे, आणि तो टेस्ट देत होता. फाइल मध्ये आल्यावर त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं. शाळेत पेपर अवघड गेला की बघायचा, तसंच. पण त्या काचेतून मलाही काही ऐकू येत नव्हतं. मी काय खूण करणार?

मॅडमनी नीट सांगितलं. चांगल्या होत्या. नस गेलीये, ती परत येत नाही. मशीन लावली तर आवाज मोठा येईल, पण फाटका येईल. लूमचं काम बंद करा, आहे तेवढं तरी राहील.

तो त्यांच्या ओठांकडे बघत सगळं वाचत होता. मग बोलला, "मॅडम, एक विचारू? माझ्या कानात चोवीस तास लूम चालतो. तो खरा हाय का खोटा?"

मॅडम बोलल्या, "खरा नाही. बाहेरून काही येत नाही ना, म्हणून मेंदू स्वतःच आवाज तयार करतो."

"बंद कवा होतो?"

"याला औषध नाही. सवय होते."

दोस्त माझ्याकडे वळला. आणि हसला, देवा शप्पथ हसला. पिक्चरचं कोडं सुटल्यावर हसायचा तसा.

"बोललो होतो ना तुला? मशीन बाहेर न्हायच. आत हाय."

त्याने लूम सोडला. कल्याण रोडला तेव्हा नवीन नवीन गोडाऊन होत होती, तिथं माल चढवायला लागला. मागून गाडी रिव्हर्स येत होती, सगळे ओरडले, हा पुढे बघून खोके लावत होता. कुणीतरी कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं येऊ नको. मग एका दुकानात बसला. गिऱ्हाईक खाली मान घालून मागायचं, हा काहीतरी भलतंच काढून द्यायचा. तेही सुटलं. काकी घरोघर विचारत फिरल्या. मग एक दिवस तो कपडे करून निघाला आणि सरळ कारखान्यात गेला. शेठनी ठेवून घेतला. चावीवाली गोष्ट ते विसरले नव्हते, पण हाताला जलद होता पोरगा.

मी एकदा त्याला डबा द्यायला आत गेलो होतो. आत पाऊल टाकलं आणि मीच बहिरा झालो. तो तिकडे टोकाला, तीन-चार जणांत उभा, बोट गोल फिरवून चहा मागत होता, मिशीवरून हात फिरवून कुणालातरी घाबरवत होता, सगळे तोंड फाडून हसत होते. काहीच ऐकू येत नव्हतं आणि कुणालाच काही कमी नव्हतं. तिथं तो कुणाहूनही बहिरा नव्हता. ज्या जागेने कान खाल्ले ती एकच जागा उरली होती जिथं कान लागत नव्हते. मी डबा ठेवला आणि बाहेर आलो. पुढे कुणी त्याला सोड म्हणालं नाय. मी पण नाय.

मग चाचांकडे नवी सीडी आली. चाचांनी रस्त्यातच मला पकडला. "तेरे दोस्त को ला. पूरी है. चिड़िया भी है."

सकाळच्या शोला आम्ही दोघंच. तोच पिक्चर, तीच शिवण आभाळात. दरवाजा उघडला. समुद्र. हिरोने मान वर केली, आणि सीडी अडकली नाय. एक पांढरा पक्षी हिरोच्या डोक्यावरून गेला, चोच उघडली, आणि काळा पडदा. नावं वर सरकायला लागली. सावली होती की नव्हती, मी बघायलाच विसरलो.

"पक्ष्याने चोच उघडली," दोस्त बोलला. "आवाज आला का?"

मी मान हलवली. आला.

"कसा?"

मी काढून दाखवला. ओठ चंबूसारखे करून, दोनदा. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्याने स्वतःचे ओठ तसे केले, करून बघितले, आवाज न काढता.

"शिट्टीसारखा?"

"हो."

"म्हंजे हिरो पडला असंल बाहेर." जरा वेळाने बोलला, "तुला सगळे आवाज येतात ना रे?"

"येतात ना. बोल कुठला काढू?"

"लूम बंद झाल्याचा काढ."

माझा हिट आयटम. मी लूम चालू केला, तोंडाने, हाताने, मांडीवर थापा मारून. धोटा इकडून तिकडे. त्याने मांडीवर माझा हात बघितला, ताल बरोबर आहे अशी मान हलवली. मग मी थांबलो. हात उचलून घेतला. तोंड मिटलं. पार्लरमध्ये कसलाच आवाज नव्हता, पंख्याचासुद्धा नाय. बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.

तो माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला. वाट बघत होता.

"काढतोयस ना?" बोलला.

मी मान हलवली. काढतोय.

त्याने मान जरा तिरकी केली, पूर्वीसारखी. मागून चाचांनी येऊन पडदा बाजूला केला, उन्हाची पट्टी आत आली, आणि ते ओरडले, "चलो, उठो, दूसरा शो है." मी उठलो. तो बसूनच होता.